लॉर्ड केल्विन आणि थंडीचा तळ

वैशाखात नांदेडला गोदावरीच्या पात्रातील वाळू पायांस चटके देते, आणि पौषात लातूरच्या माळावर पहाटेच्या गारठ्याने दात वाजू लागतात. ऊन आणि थंडी यांचा हा खेळ आपण जन्मापासून पाहत आलो आहोत. परंतु थंडी वाढता वाढता अखेर किती वाढेल, तिला कोठे अंत आहे की नाही, हा प्रश्न आपल्यापैकी किती जणांच्या मनात आला असेल? विहिरीत दगड टाकला म्हणजे तो कधीतरी तळास लागतोच. मग थंडीच्या विहिरीसही तळ असावा काय? आणि असल्यास, जेथे आजवर कोणीही पोहोचला नाही तो तळ मोजावयाचा कसा?

या प्रश्नाचे पक्के उत्तर ज्यांनी जगाच्या हाती दिले, त्या विल्यम टॉमसन ऊर्फ लॉर्ड केल्विन यांचे चरित्र विद्यार्थ्यांनी अवश्य वाचावे असे आहे. त्यात बुद्धीचे तेज आहे, उद्योगाची चिकाटी आहे, आणि मोठ्या माणसाच्या हातूनही काय सुटून जाते याचा धडाही आहे.

प्रथम प्रश्न नीट समजून घेऊ. आपल्या प्रयोगशाळेतील उष्णतामापकावर जे शून्य असते, ते उष्णतेचे खरे शून्य नव्हे. पाणी ज्या उष्णमानास गोठते, तेथे माणसाने सोयीसाठी केलेली ती खूण होय. म्हणूनच हिवाळ्यात पारा १० अंशांवर आणि उन्हाळ्यात ४० अंशांवर असला, तरी उन्हाळा हिवाळ्याच्या चौपट उष्ण आहे असे म्हणता येत नाही. जिन्याची सर्वांत खालची पायरी ठाऊक असल्याखेरीज आपण किती उंचीवर उभे आहोत हे सांगता येत नाही, तसेच हे आहे. ती खालची पायरी म्हणजेच निरपेक्ष शून्य.

विल्यमचा जन्म आयर्लंडमधील बेलफास्ट शहरी २६ जून १८२४ रोजी झाला. वडील जेम्स टॉमसन हे गणिताचे शिक्षक असून त्यांनी गणिताची पाठ्यपुस्तकेही लिहिली होती. विल्यम सहा वर्षांचा असताना त्याची आई वारली, आणि मुलांचे संगोपन व शिक्षण यांचा सारा भार वडिलांवर पडला. त्यांनी तो मोठ्या प्रेमाने वाहिला. १८३२ साली त्यांना स्कॉटलंडमधील ग्लासगो विद्यापीठात गणिताच्या प्राध्यापकाची जागा मिळाली, आणि दोनच वर्षांनी, वयाच्या अवघ्या दहाव्या वर्षी, विल्यमचे नाव त्या विद्यापीठाच्या पटावर चढले.

१८४० साली वडील मुलांस घेऊन जर्मनीस गेले. मुलांनी इतर अभ्यास बाजूस ठेवून जर्मन भाषा शिकावी, अशी त्यांची इच्छा होती. विल्यमने मात्र फूर्ये या फ्रेंच गणितज्ञाचा उष्णतेवरील ग्रंथ आपल्या सामानात लपवून नेला होता, आणि तो एकान्तात बसून तो वाचीत असे. पदार्थातून उष्णता कशी वाहते हे गणिताच्या भाषेत सांगणारा हा ग्रंथ पुढे त्याचा जन्माचा सोबती झाला. त्याचा पहिला शोधनिबंधही फूर्येच्या समर्थनार्थच होता. तो १८४१ साली प्रसिद्ध झाला, तेव्हा विल्यमला सतरावे वर्ष लागले होते.

त्याच वर्षी तो केंब्रिजला गेला. १८४५ सालच्या गणिताच्या मोठ्या परीक्षेत तो दुसरा रँग्लर झाला. हा शब्द मराठी घरांस अपरिचित नाही. पुढे १८९९ साली कोकणातील मुर्डी गावचे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे यांनी याच परीक्षेत पहिल्या क्रमांकाचा मान मिळविला, आणि रँग्लर ही पदवी महाराष्ट्रात त्यांच्या नावाशी कायमची जडून गेली.

परीक्षा आटोपताच टॉमसन पॅरिसला गेले आणि रेन्यो या प्राध्यापकाच्या प्रयोगशाळेत काम करू लागले. येथेच त्यांची गाठ आपल्या प्रश्नाशी पडली. म्हणून तत्पूर्वी या विषयात काय काय झाले होते, हे थोडक्यात पाहिले पाहिजे.

थंडीच्या तळाचा पहिला सुगावा लागला तो हवेकडून. लहानपणीच बहिरेपण आलेल्या आमाँताँ नावाच्या फ्रेंच संशोधकाने १७०० सालाच्या सुमारास असे दाखविले की, बंद भांड्यातील हवा तापविली असता तिचा दाब ठराविक प्रमाणात वाढतो आणि निवविली असता त्याच प्रमाणात घटतो. दाब असाच घटत गेला तर कोठेतरी तो अजिबात नाहीसा व्हावा, आणि त्यापलीकडे थंडी संभवू नये, हा विचार त्यातूनच निघाला. पुढे १८०२ साली गे-ल्यूसाक याने निरनिराळे वायू घेऊन प्रयोग केले, आणि सारे वायू उष्णतेने जवळजवळ सारख्याच प्रमाणात प्रसरण पावतात असे सिद्ध केले.

हा प्रयोग शाळेतही करता येण्याजोगा आहे. एका टोकास बंद अशा बारीक काचेच्या नळीत कोरडी हवा घ्यावी आणि ती पाऱ्याच्या लहानशा थेंबाने कोंडावी. नळी वितळत्या बर्फात धरून हवेच्या स्तंभाची लांबी मोजावी. नंतर ती उकळत्या पाण्यात धरून पुन्हा मोजावी. बर्फात हा स्तंभ २७३ मिलिमीटर भरला, तर १०० अंशांवर तो सुमारे ३७३ मिलिमीटर भरेल. म्हणजे दर अंशास एक मिलिमीटर वाढ झाली. आता आलेखाच्या कागदावर हे दोन बिंदू मांडून त्यांतून जाणारी रेषा मागे वाढवीत न्यावी. जेथे लांबी शून्य होते, तेथे उष्णमान येते शून्याखाली २७३ अंश. पाऱ्याऐवजी दाबमापक जोडलेला बंद चंबू घेतला, तर लांबीच्या जागी दाब मोजावा; उत्तर तेच येते. पारा हाताळताना मात्र शिक्षकांनी जवळ असावे, कारण त्याची वाफ विषारी असते.

करावयास सोपा वाटणारा हा प्रयोग अचूक करणे मात्र फार कठीण आहे. नळीत ओलाव्याचा अंश राहिला, तर त्याची वाफ होऊन हवा अधिक फुगल्यासारखी दिसते. काच स्वतःही थोडी प्रसरण पावते. शिवाय पाणी सर्वत्र १०० अंशांवर उकळत नाही. लातूर समुद्रसपाटीपासून ६०० मीटरांहून अधिक उंच आहे. तेथे हवेचा दाब कमी असल्यामुळे पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळू लागते. हे ध्यानात न घेता जो १०० अंश लिहील, त्याचे उत्तर चुकलेच म्हणून समजावे. गे-ल्यूसाकच्या आकड्यांवरून तळ सुमारे २६७ अंशांवर येत होता. रेन्योने असल्या सर्व चुका एकेक करून दूर सारल्या, आणि त्याच्या आकड्यांवरून तो २७३ वर आला. सहा अंशांचा हा फरक केवळ काळजीपूर्वक मोजण्याने हाती लागला. टॉमसन पॅरिसहून शिकून आले ते हेच.

१८४६ साली, वयाच्या बाविसाव्या वर्षी, ते ग्लासगो विद्यापीठात पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक झाले आणि पुढे ५३ वर्षे त्या एकाच जागी राहिले. तेथे विद्यार्थ्यांना प्रयोग करावयास जागा नव्हती. तेव्हा एका प्राध्यापकाच्या घरातील मद्य साठविण्याचे जुने तळघर मिळवून त्यांनी तेथे प्रयोगशाळा थाटली, आणि उत्साही विद्यार्थ्यांस हाताशी धरून मोजमापांस आरंभ केला. मोठ्या शोधांस मोठी इमारत लागतेच असे नाही, हे आपल्याकडील लहान शाळांनीही लक्षात ठेवावे.

आता टॉमसन यांच्या मनात एक मूलभूत शंका उभी राहिली. पारा, मद्यार्क, हवा, प्रत्येक पदार्थ उष्णतेने आपापल्या रीतीने प्रसरण पावतो. प्रत्येकाचा उष्णतामापक जणू आपापली बोली बोलतो. मग खरे उष्णमान कोणते म्हणावे? शिवाय अत्यंत थंडीत वायूही वायू राहत नाही. त्याचे पाणी होते आणि पुढे तो गोठतोही. म्हणजे आलेखावरील ती सरळ रेषा तळापर्यंत जाते, हे आपण गृहीत धरलेले असते. हवा स्वतः तेथवर कधीच जात नाही. म्हणून कोणत्याही एका पदार्थाच्या लहरीवर अवलंबून नसलेली मोजपट्टी हवी होती.

ती त्यांना सापडली वाफेच्या यंत्राच्या विचारातून. मिरजेहून लातूरपर्यंत धावणारी बार्शी लाइट रेल्वेची चिमुकली आगगाडी ज्यांनी पाहिली, त्यांस ठाऊक असेल की, बॉयलरात उष्णता घालावी आणि चाकांवाटे काम घ्यावे, हा त्या इंजिनाचा धर्म. असल्या यंत्रातून अधिकात अधिक किती काम मिळेल, याचा विचार सादी कार्नो या तरुण फ्रेंच अभियंत्याने एका लहानशा पुस्तकात केला होता. टॉमसन जन्मले त्याच १८२४ साली ते पुस्तक प्रसिद्ध झाले, आणि १८३२ साली कार्नो पटकीने वारलाही. टॉमसन यांनी पॅरिसच्या पुस्तकांच्या दुकानांतून ते पुष्कळ धुंडाळले. पण ते कोणास ठाऊकही नव्हते. कार्नोचा सिद्धान्त असा की, यंत्रापासून मिळू शकणारे अधिकात अधिक काम त्याच्या उष्ण व थंड बाजूंच्या उष्णमानांवर अवलंबून असते; आत वाफ आहे की हवा, यावर नव्हे. हाच धागा धरून १८४८ साली टॉमसन यांनी निरपेक्ष उष्णमानाची कल्पना मांडली.

परंतु येथे एक मोठी अडचण होती. कार्नोच्या काळी उष्णता हा एक सूक्ष्म द्रव पदार्थ असून तो नष्ट होत नाही, अशी समजूत होती. ओढ्याचे पाणी वरून खाली पडताना चाक फिरविते, पण पाणी कमी होत नाही. तसेच उष्णतेचे, असे पंडित मानीत आणि टॉमसनही मानीत. उलट मँचेस्टरजवळील एका मद्य गाळणाऱ्या व्यापाऱ्याचा मुलगा जेम्स जूल, ज्याच्यापाशी विद्यापीठाची पदवीही नव्हती, प्रयोगानिशी सांगत होता की, कामाची उष्णता होते आणि उष्णतेचे काम होते. १८४७ साली ऑक्सफर्डच्या विद्वत्सभेत जूलने आपले प्रयोग सांगितले, तेव्हा त्याच्याकडे फारसे कोणी लक्ष दिले नसते. तेवीस वर्षांचे टॉमसन तेथे होते. त्यांस ते पटले नाही. पण दुर्लक्ष करण्याजोगे आहे असेही वाटले नाही. सभेनंतर ते जूलशी बोलले, त्याचे निबंध मागवून त्यांनी वाचले, आणि पुढे जवळजवळ चार वर्षे ते या पेचाशी झुंजत राहिले.

अखेर १८५१ साली त्यांनी आपला जुना समज सोडला. जूलचे म्हणणे आणि कार्नोचा सिद्धान्त या दोहोंचा मेळ घालून त्यांनी उष्णतेचे नवे शास्त्र रचले. आपण प्राध्यापक असून एका पदवीहीन मनुष्याचे खरे मानावे लागले, याची लाज त्यांना वाटली नाही. त्यांच्या आयुष्यातील सर्वांत मोठा पराक्रम आम्ही हाच समजतो.

या नव्या शास्त्रातून १८५४ पर्यंत निरपेक्ष मोजपट्टीस आजचे रूप आले. आदर्श यंत्र उष्ण बाजूकडून जितकी उष्णता घेते आणि थंड बाजूस जितकी टाकते, त्यांचे जे प्रमाण तेच दोन्ही बाजूंच्या निरपेक्ष उष्णमानांचे प्रमाण. बॉयलर निरपेक्ष मापाने ४५० आणि बाहेरची हवा ३०० असेल, तर घेतलेल्या उष्णतेपैकी फार तर एक तृतीयांश भागाचेच काम होईल. थंड बाजू शून्यावर असती, तर साऱ्याच उष्णतेचे काम झाले असते. आणि शून्याच्याही खाली थंडी असती, तर घातलेल्या उष्णतेहून अधिक काम निघाले असते. म्हणजे काहीच नसताना काहीतरी मिळाले असते. तसे जगात होत नाही. म्हणून शून्याखाली पायरीच नाही. विहिरीत न उतरता विचाराने तळ गाठला तो असा.

तरीही हा विचाराचा तळ आणि हवेच्या उष्णतामापकाने दाखविलेला तळ एकच आहेत की नाहीत, हे पडताळून पाहणे उरले होते. १८५२ पासून दहा वर्षे टॉमसन व जूल यांनी मिळून तो प्रयोग चालविला. नळीत कापसाचा घट्ट बोळा बसवून त्यातून ते दाबलेली हवा हळूहळू जाऊ देत, आणि बोळ्याच्या दोन्ही बाजूंचे उष्णमान मोजीत. आपल्या काळ्या जमिनीत पिकतो तोच हा कापूस, शास्त्राच्या इतक्या मोठ्या कामी आला! हवा अगदी आदर्श वायू असती, तर उष्णमानात काहीच फरक पडला नसता. पण वातावरणाच्या दाबाइतका दाब कमी झाला की, हवा सुमारे पाव अंशाने निवते असे दिसले. हा पाव अंश म्हणजे हवेच्या उष्णतामापकातील लबाडीचा पुरावाच होता. त्यावरून ती किती हे काढता आले आणि आकडा दुरुस्त करता आला. आज निरपेक्ष शून्य शून्याखाली २७३.१५ अंश धरले जाते. या मापाने आपला १० अंशांचा हिवाळा २८३ आणि ४० अंशांचा उन्हाळा ३१३ भरतो. म्हणजे वैशाखाचा ताप पौषाहून जेमतेम एक नवमांशाने अधिक!

टॉमसन केवळ विचारात रमणारे नव्हते. १८६० साली गोठलेल्या बर्फावर खेळताना पडून त्यांचे मांडीचे हाड मोडले आणि जन्मभर ते लंगडत चालले. पण अटलांटिक महासागराच्या तळाशी तारायंत्राची केबल टाकण्याच्या कामी ते स्वतः जहाजावर गेले. १८५८ ची केबल थोड्याच आठवड्यांत निकामी झाली, १८६५ ची समुद्रात तुटली, आणि १८६६ साली यश आले. त्याबद्दल त्यांना सर हा किताब मिळाला. तीच केबल टाकणाऱ्या ग्रेट ईस्टर्न जहाजाने १८७० साली मुंबई ते एडन केबल टाकली आणि मुंबई समुद्रमार्गे जगाशी जोडली गेली. १८९२ साली टॉमसन यांना लॉर्ड करण्यात आले, तेव्हा त्यांनी विद्यापीठाजवळून वाहणाऱ्या केल्विन या लहानशा नदीचे नाव घेतले. निरपेक्ष उष्णमान मोजण्याच्या एककास आज जगभर जे नाव आहे, ते अशा रीतीने मुळात एका नदीचे आहे.

उतारवयात मात्र त्यांच्या हातून एक गोष्ट सुटली. तप्त पृथ्वी निवत निवत आजच्या स्थितीस किती काळात आली, हे त्यांनी फूर्येच्या गणिताने काढले होते. १८९७ साली त्यांनी तो काळ दोन ते चार कोटी वर्षे इतकाच धरला. भूगर्भशास्त्रज्ञ अधिक काळ मागत होते. त्यांचे त्यांनी ऐकले नाही. पुढे किरणोत्सर्गाचा शोध लागून पृथ्वीच्या पोटात उष्णता सतत उत्पन्न होते असे दिसले, तरी त्यांनी आपले मत उघडपणे बदलले नाही. पृथ्वीचे वय साडेचारशे कोटी वर्षांच्या घरात आहे, हे आज ठरले आहे. तेविसाव्या वर्षी जूलपुढे उघडे राहिलेले मन ऐंशीच्या घरात मिटले होते. तथापि त्यांच्या अंगी अहंकार नव्हता. १८९६ साली त्यांच्या प्राध्यापकीचा सुवर्णमहोत्सव झाला, तेव्हा देशोदेशींच्या विद्वानांसमक्ष त्यांनी आपल्या दीर्घ प्रयत्नांस अपयश हेच नाव दिले. १८९९ साली निवृत्त होताच, वयाच्या पंचाहत्तरीत, त्यांनी त्याच विद्यापीठात संशोधक विद्यार्थी म्हणून आपले नाव घातले.

१७ डिसेंबर १९०७ रोजी त्यांचे निधन झाले आणि लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत न्यूटनच्या समाधीजवळ त्यांना पुरण्यात आले. पुढे सात महिनेही लोटले नव्हते, तोच १० जुलै १९०८ रोजी हॉलंडमधील लायडन येथे कामर्लिंग ओन्नेस यांनी हेलियम वायूचे पाणी केले. ते उष्णमान निरपेक्ष शून्याच्या वर केवळ चार अंश होते. कापसाच्या बोळ्यातून हवा पाव अंश निवते, हे जे टॉमसन व जूल यांनी पाहिले, तेच तत्त्व या यंत्रांतही होते. पुढे आपल्या देशाच्या सत्येंद्रनाथ बसूंनी १९२४ साली केलेल्या गणिताच्या आधारे आइन्स्टाइन यांनी पदार्थाच्या एका विलक्षण अवस्थेचे भाकीत केले, आणि १९९५ साली ती प्रयोगशाळेत दिसली. तेव्हा शून्यापासूनचे अंतर एका अंशाच्या दशलक्षांशाहूनही कमी होते. तरी तळास कोणी लागलेला नाही, आणि शास्त्र सांगते की कोणी लागणारही नाही.

विद्यार्थिमित्रहो, जेथे पाऊल पोहोचत नाही तेथे काळजीपूर्वक घेतलेले माप आणि प्रामाणिक विचार पोहोचतात. परंतु त्यासाठी दुसऱ्याचे खरे बोलणे ऐकण्याची तयारी जन्मभर टिकवावी लागते. तुमच्या वर्गात शेवटच्या बाकावर बसणारा एखादा मुलगा उद्या तुमच्या मताविरुद्ध काही सांगू लागला, तर तो कोण आहे हे पाहण्याआधी त्याने प्रयोग कसा केला आहे, हे पाहा.